तीन नंबर बंद

नियम तुम्हीच लिहिलेत आणि ते मोडायचा हक्कही तुम्ही स्वतःकडेच ठेवलात! नाव घेत नाही. ज्याच्या पायाला चिखल लागलाय तो आपणहून पाय मागे घेईल. राष्ट्रीय उद्यानात राहुटी कुणी ठोकायची, कुठं ठोकायची, कुणाच्या परवानगीनं ठोकायची, याचे बावीस नियम तुम्ही राजधानीत पंख्याखाली बसून छापलेत. आमच्या गेटवर फळा लावून ते डकवलेत. आणि एका सकाळी एक फोन करून त्या फळ्यावर थुंकलात. तुमची थुंकी तासाभरात वाळली असेल. आमची एक बाई मात्र मेली आणि तिच्या मरणाचा दोष एका म्हाताऱ्या रक्षकाच्या गळ्यात अडकवायला तुम्ही निघालात.

पण नागरिकांनो, नुसत्या वरच्यांना शिव्या घालून आपण मोकळे होणार नाही. वरचा फोन करतो, तेव्हा खाली तो उचलणारा कुणीतरी असतो. ही गोष्ट त्या उचलणाऱ्याची आहे.

त्याचं नाव बोनिफेस चिलेक्वा. मुतोंडो गेटवर परमिटाचा कारकून. उद्यानात मुक्कामाला जायचं तर तीन दिवस आधी अर्ज, प्रत्येकाचं नाव, गाडीचा नंबर, आणि लांबच्या छावणीवर जायचं तर सोबत बंदूकवाला रक्षक. चिलेक्वाला हे सगळं तोंडपाठ. जुलैत एक शाळामास्तर अडतीस मुलं ट्रकमध्ये घालून आला होता. आमच्या मुलांना हत्ती ठाऊक असतो तो रात्री मका तुडवून जाणारा. दिवसाउजेडी, आपल्या जागी शांत उभा असलेला हत्ती त्यांनी कधी पाहिलेला नसतो. मास्तराच्या अर्जावर मुख्याध्यापकाचा शिक्का नव्हता. बिचारा आमच्याकडच्या आदराच्या रीतीनं गुडघे वाकवून, हळू टाळ्या वाजवत विनवत होता.

"नियम म्हणजे नियम, मास्तर," चिलेक्वा म्हणाला. ट्रक परत गेला. त्या दुपारी चिलेक्वानं न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकी मासळी चवीनं खाल्ली.

त्याची बदनामी करायला हे सांगत नाही. आपण सगळे असेच आहोत. वाकलेल्याला आपण नियम दाखवतो आणि ताठ उभा राहणाऱ्याला खुर्ची देतो.

तर ऑगस्टातली ती सकाळ. साडेसहाला रेडिओ खरखरला. पलीकडे एलिझर शावा, उद्यानाचा सर्वांत जुना रक्षक. तीस वर्षं पायी हिंडलेला माणूस, नोकरीचे चार महिने उरलेले. शावा न्गोनी आणि चिलेक्वा बेंबा. आमच्याकडे या दोन जमातींचं थट्टेचं नातं. खापरपणजोबांच्या काळात एकमेकांना भाल्यांनी भोसकलं, आणि मग ठरलं की यापुढे जिभेनंच भोसकायचं. एकमेकांचे 'म्बुया'. म्बुयानं काहीही बोलावं, दुसऱ्यानं रागवायचं नाही, मयतीतसुद्धा नाही.

"मुतोंडो गेट! कुणी माणूस आहे का तिथं, का माकडं खाऊन सगळे सुस्त पडलेत?"

"बोल रे उंदीरखाऊ. आज किती भाजलेस?"

"जितके भाजले, त्यांच्या अंगावर तुझ्यापेक्षा जास्त मांस होतं. ऐक म्बुया, तीन नंबर बंद कर. एक हत्तीण आहे. मागच्या पायात फासाची तार रुतलीय, पाय उखळाएवढा सुजलाय. बरोबर पिल्लू आहे. काल माझी सायकल तिनं न्शिमा थापावी तशी थापली. पाणवठा सोडत नाहीये. जनावरांचा डॉक्टर येऊन तार काढेपर्यंत तिथं कुणाला पाठवू नकोस. अगदीच पाठवायचं असेल तर एखादा बेंबा पाठव, तुमची संख्या नाहीतरी फार झालीय."

"आधी तुलाच पाठवतो. लिहिलं, लिहिलं."

आणि त्यानं खरंच लिहिलं. छावण्यांच्या रोजवहीत सकाळचा निरोप पेन्सिलीनं लिहायचा आणि संध्याकाळी वॉर्डनसाहेबांनी पाहिला की तोच शाईनं गिरवायचा, अशी तिथली रीत. चिलेक्वानं लिहिलं: 'छावणी ३ बंद. जखमी हत्तीण, पिल्लू. शावा.'

दहा वाजता फोन आला, राजधानीतून.

"चिलेक्वा ना? आपले चार पाहुणे निघालेत, दुपारी पोचतील. तीन नंबर द्या त्यांना. तिथून नदी चांगली दिसते म्हणतात."

"सर, तीन नंबर आज..."

"आज काय?"

चिलेक्वाची मुलगी कासामाला मावशीकडे राहून शिकत होती. तिकडं बदली मागणारा त्याचा अर्ज दोन वर्षं ज्या टेबलावर पडून होता, ते टेबल याच आवाजाचं होतं. आवाजानं अर्जाचा उल्लेखसुद्धा केला नाही. फक्त "आज काय?" एवढंच विचारलं आणि थांबला.

"काही नाही, सर. तयार ठेवतो."

"रक्षक वगैरे मागे लावू नका. त्यांना निवांतपणा हवाय."

फोन ठेवला. चिलेक्वानं खोडरबर घेतलं आणि ती ओळ पुसली. कागदाचा भुगा तळहातानं झटकला. परमिटावर लिहिलं: पाहुणे चार. रक्षक: माफ. पाहुण्यांबरोबर एक ड्रायव्हर आणि एक आचारी येणार होते. त्यांच्यासाठी त्या कागदावर नावाचा रकानाच नाही. त्यांना 'इतर' म्हणतात. इतर दोन.

दुपारी गाडी आली. आचारी आलाच नव्हता, वाटेत त्याला ताप भरला होता. पाहुण्यांपैकी एकानं काळा चष्मा कपाळावर सरकवला. "इथं कुणी स्वयंपाक करणारी मिळेल का हो?"

गेटबाहेर चिंचेच्या झाडाखाली आमाई सेलिना तळलेले पिठाचे गोळे विकते. तिच्या बहिणीची मुलगी झेलिपा तिला हाताशी असायची. सव्वीस वर्षांची, चपळ, तोंडानं फटकळ. चिलेक्वानंच तिला हाक मारली. होय, त्यानंच! वाटलं, पोरीला दोन दिवसांचं काम मिळेल, पाहुणे खूश होतील, आपलंही नाव होईल.

झेलिपानं चितेंगेचं कापड कमरेला घट्ट आवळलं. मग गाडीत चढता चढता थांबली. "बा चिलेक्वा, तिकडं सगळं ठीक आहे ना? जनावरांचं काही?"

"अगदी ठीक. जा तू."

"मला काही झालं तर भूत होऊन तुमच्या खुर्चीवर येऊन बसेन हं!" ती हसली. तोही हसला. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झेलिपा चहाचं पाणी आणायला बादली घेऊन पाणवठ्यावर उतरली. पाहुणे राहुटीत झोपले होते. पुढचं लिहीत नाही. तिच्या मावशीला वाचता येतं.

पाहुणे त्याच दिवशी राजधानीला परतले. आठ दिवसांनी चौकशी बसली. राजधानीतून एक बाईसाहेब आणि दोन साहेब आले. गेटवरच्या कचेरीत टेबलाला हिरवं कापड घातलं, बाटलीबंद पाणी मांडलं. आरोप शावावर होता: हत्तीण दोन दिवस त्या भागात फिरत असताना त्यानं छावणी बंद करण्याची सूचना दिली नाही. सिद्ध झालं तर बडतर्फी. तीस वर्षांची नोकरी आणि शेवटी बाईच्या मरणाचा डाग. आमच्या गावात असा डाग घेऊन म्हातारा माणूस चार जणांत बसू शकत नाही. त्याच्या नातवंडांनाही तो पुसता येत नाही.

शावा धुतलेल्या गणवेशात उभा राहिला. "सूचना दिली होती, बाईसाहेब. सकाळी साडेसहाला. रेडिओवर."

"वहीत काही दिसत नाही."

"वही मी लिहीत नाही."

बाईसाहेबांनी चिलेक्वाकडे पाहिलं. "तुम्हाला सूचना मिळाली होती?"

नागरिकांनो, खरं बोलायला तेवढा एक क्षण पुरे होता! पण चिलेक्वाला आधी बदली दिसली, मग तुरुंग दिसला, मग मुलीच्या शाळेचा निळा झगा दिसला. तो म्हणाला, "बोलणं झालं होतं, मॅडम. पण आमचं नातं थट्टेचं. हा मला माकडखाऊ म्हणाला, मी ह्याला उंदीरखाऊ म्हणालो. हत्तिणीकडं एखादा बेंबा पाठव, असंही म्हणाला. मला वाटलं... सगळी थट्टाच चाललीय."

टेबलामागचे दोन्ही साहेब हसले. दोघांनाही हे नातं ठाऊक होतं; त्यांच्याही कचेरीत दिवसभर हेच चालतं. बाईसाहेबांनी मात्र लिहून घेतलं आणि मोठ्यानं वाचलं: "गंभीर स्वरूपाची सूचना रक्षकानं अयोग्य, थट्टेच्या भाषेत दिली, त्यामुळे ती ग्राह्य धरली गेली नाही." किती सोयीचं वाक्य! फोन नाही, परमिट नाही, रक्षक माफ केल्याचा उल्लेख नाही. म्हाताऱ्याची जीभ तेवढी दोषी.

"आणि मृत महिलेचं नाव परमिटावर नाही," दुसरे साहेब म्हणाले. "तांत्रिकदृष्ट्या ती विनापरवाना आत होती."

कोपऱ्यातल्या बाकावर आमाई सेलिना बसली होती. ती उठली आणि बाहेर गेली.

शावा चिलेक्वाकडे वळला. शिवी देईल, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं टोपी काढली. "आभारी आहे, मिस्टर चिलेक्वा."

मिस्टर! बारा वर्षांत त्यानं चिलेक्वाला माकड म्हटलं होतं, शेपटीवाला म्हटलं होतं, दुष्काळात हिरवे आंबे चोरणारा म्हटलं होतं. मिस्टर कधीच म्हटलं नव्हतं. आमच्याकडे म्बुयानं थट्टा थांबवली की समजायचं, तुम्ही त्याच्या लेखी मेलात.

"निकाल जेवणानंतर," बाईसाहेब म्हणाल्या.

चिलेक्वानं ताट तसंच ठेवलं. तो बाहेर आला, पाय आपोआप चिंचेच्या झाडाकडे वळले. आमाई सेलिना चुलीपुढं बसून गोळे तळत होती. झेलिपाचं स्टूल तिनं बाजूला उलटं घालून ठेवलं होतं.

"बसा, बा चिलेक्वा."

तो उभाच राहिला.

"ते सरळ करा आणि बसा हो. स्टूल चावत नाही. चावणारं जे होतं ते तुम्ही आत बोलून आलात."

तो जमिनीवर बसला. आमाईनं कढईतला गोळा उलटला. "मी न्गोनीच्या घरात दिलेली बाई. माझा नवरा गेला तेव्हा कोण आलं होतं, आठवतंय? तुमचे बेंबा. तुम्हीही होतात त्यांत, तेव्हा नवीन होतात. काय केलं होतं तुम्ही?"

चिलेक्वाला आठवत होतं. त्यानं चुलीतलं एक लाकूड आत सरकवलं.

"मी सांगते. शवपेटी दारात अडवलीत. तुमच्यातला एक जण पेटीवर बसला आणि ओरडला, 'ए न्गोनी! बायकोला मारताना हात चालत होता, आता का हलत नाही? उठ, मार की!' सगळं अंगण हसलं. मीसुद्धा हसले, रडता रडता. का हसले? कारण ते खरं होतं. मला अकरा वर्षं बोलता आलं नव्हतं. पाद्री बोलला नाही, मुखिया बोलला नाही, माझा सख्खा भाऊ बोलला नाही. म्बुया बोलला. मग माझ्या मनातला राग उतरला आणि त्याला सुखानं पुरता आलं."

"आमाई..."

"थांबा. आपल्या म्हाताऱ्यांनी हे नातं कशाला ठेवलं? खोटं बोलायला? जे दुसऱ्या कुणाच्या तोंडून सहन होत नाही ते खरं बोलून घ्यायला ठेवलं! म्बुया शिव्या देतो, पण खबर खोटी देत नाही. हे शेंबड्या पोराला कळतं. आणि तुम्ही, बारा वर्षं त्याच्याशी बोलणारे, म्हणता तुम्हाला थट्टा वाटली?" तिनं झारा कढईच्या काठावर ठेवला. "माझ्याकडे बघून सांगा. वाटली होती थट्टा?"

चिलेक्वानं वर पाहिलं नाही.

"ती मला विचारून गेली होती, आमाई," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे ना, म्हणून. मी म्हटलं, अगदी ठीक."

"ठाऊक आहे. मी इथंच बसले होते."

"मी लिहिलं होतं. वहीत लिहिलं होतं. मग पुसलं."

आमाईचा चेहरा हलला, पण ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं चितेंगेच्या टोकानं नाक पुसलं आणि म्हणाली, "माझी पोर परत येणार नाही. पण आत एक जिवंत माणूस उभा आहे, त्याला तुम्ही पुरताय. माझ्यापुढं रडून काय उपयोग? मी काही चौकशी करणारी नाही. जे मला सांगितलंत ते हिरव्या कापडापुढं सांगा. नसेल सांगायचं, तर उद्यापासून या झाडाच्या सावलीत पाऊल टाकू नका."

चिलेक्वा उठला. कचेरीच्या पायऱ्या चार. त्या दिवशी त्या त्याला डोंगराएवढ्या झाल्या.

आत बाईसाहेब कागद जुळवत होत्या.

"मी खोटं बोललो!" तो दारातूनच म्हणाला. "मला थट्टा वाटली नव्हती. एक क्षणही वाटली नव्हती!"

एक साहेब सुपारी चघळत होते, त्यांचं तोंड थांबलं. चिलेक्वानं रोजवही उचलली, ते पान काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरलं. कागद तिथं पातळ झाला होता. पेन्सिलीचा दाब मात्र खालपर्यंत उमटलेला. बाईसाहेबांनी चष्मा लावला आणि बोट फिरवत वाचलं: छावणी तीन बंद.

"कुणी पुसलं?"

"मी. शावानं नेहमीच्या वेळी, नेहमीच्या शब्दांत खबर दिली. हत्तीण, तार, पिल्लू, पाणवठा, काही सोडलं नाही. मी लिहून घेतली. दहा वाजता फोन आला आणि मी पुसली. रक्षक माफ केला तोही मीच. झेलिपा बांडाला गाडीत मी बसवलं. ती इतर नव्हती. तिचं नाव लिहा, बाईसाहेब. ती माझ्या शब्दावर आत गेली."

बाईसाहेबांनी लेखणी उघडली. "पुसल्याची कबुली नोंदवते. फोनचा प्रश्न या चौकशीच्या कक्षेत येत नाही."

"का येत नाही?"

"मिस्टर चिलेक्वा, तुम्ही आधीच पुरेसे अडचणीत आहात."

"म्हणूनच विचारतोय. अडचणीत नव्हतो तेव्हा हिंमत झाली नाही! जुलैत अडतीस पोरांना मी एका शिक्क्यासाठी परत पाठवलं. त्या दिवशी मला वाटलं, मी नियमाचा मोठा रखवालदार. आणि एक आवाज आला तर माझ्या हातात खोडरबर! मला काढा, खटला भरा, मी सही करतो. पण ती ओळ मी पुसली, पुसायला लावणारा दुसरा आहे."

भिंतीजवळ शावा उभा होता. त्यानं टोपी डोक्यावर चढवली. हसला नाही. दाराकडे जाता जाता चिलेक्वाजवळ क्षणभर थांबला आणि म्हणाला, "माकडाला कंठ फुटायला एक बाई मरावी लागली."

चिलेक्वानं मान खाली घातली. म्हातारा त्याला पुन्हा माकड म्हणाला होता.

शावावरचा आरोप मागे घेतला गेला. डिसेंबरात तो मानानं निवृत्त होईल. चिलेक्वाची नोकरी गेली, खटला चालू आहे. कासामाला तो आता बदलीनं नव्हे, आपल्या पैशानं बसमधून जातो. पाण्याला हात लागला की ती बादली आठवते, असं तो म्हणतो. त्याची कीव करू नका, त्यालाही ती नको आहे.

नागरिकांनो, यातून काय शिकायचं ते स्पष्ट सांगतो. छावणी बंद, रक्षक सोबत हवा, प्रत्येकाचं नाव हवं, हे नियम कुणाच्या लहरीनं झालेले नाहीत. कुणीतरी पहाटे पायी हिंडून, जिवावर उदार होऊन पाहून आलेला असतो, तेव्हा 'बंद' हा शब्द लिहिला जातो. वाकलेल्या मास्तराला अडवणं सोपं आहे, ते कुत्रंही करतं. फोनवरच्या आवाजाला "नाही, साहेब" म्हणता आलं, तरच तुम्ही नियम पाळला. आणि ज्या कागदावर चाकरी करणाऱ्याचं नाव नाही, त्या कागदावर सही करू नका. त्यानं नोकरी जाईल म्हणता? जाऊ द्या! चिलेक्वाला विचारा, राहिली असती तर ती कशी वाटली असती.

आता तुमच्याकडे वळतो, पंख्याखाली बसलेल्यांकडे. अहवाल आलाय. एकवीस पानांचा आहे. त्यात हत्तिणीच्या पायाचं माप आहे, सायकलीची किंमत आहे, कारकुनाचा गुन्हा आहे. दहा वाजताचा फोन नाही. आमाई सेलिनानं लेखी अर्ज केलाय आणि पोच घेतलीय. त्यात एकच प्रश्न आहे: फोन कुणी केला?

सात आठवडे झाले. ती रोज कढई चढवण्याआधी टपालाच्या थैलीकडे बघते.

उत्तर द्या!